परसातले अ‍ॅक्वापोनिक्स : शिंगी-मांगूरपासून सुरुवात कशी करावी

घरामागच्या मोकळ्या जागेत एक टाकी, तिच्या शेजारी खडीने भरलेले दोन-तीन वाफे आणि या दोहोंमध्ये पाणी फिरवणारा एक पंप, एवढीच अ‍ॅक्वापोनिक्सची मांडणी असते. माशांच्या विष्ठेतून आणि कल्ल्यांवाटे बाहेर पडणाऱ्या अमोनियाचे जिवाणू आधी नायट्राइटमध्ये आणि मग नायट्रेटमध्ये रूपांतर करतात, ते नायट्रेट भाज्या शोषून घेतात आणि स्वच्छ झालेले पाणी पुन्हा टाकीत येते. समजायला सोपी वाटणारी ही साखळी नवख्यांच्या हातून तुटते ती मुख्यतः दोन ठिकाणी: एक, माशांची निवड करताना, आणि दोन, जिवाणू तयार होण्याआधी मासे सोडण्याची घाई करताना. या लेखात म्हणूनच या दोन पायऱ्यांवर अधिक विस्ताराने लिहिले आहे. पुढचे सर्व हिशेब १,००० लिटरची टाकी आणि सुमारे २ चौरस मीटर वाफे गृहीत धरून केलेले आहेत.

१. आधी वेळापत्रक, मग खरेदी

मत्स्यबीज, म्हणजे टाकीत सोडायची माशांची पिल्ले, बाजारात येते ते पावसाळ्यात, प्रामुख्याने जुलै ते सप्टेंबर या काळात. त्यामुळे बांधणी एप्रिल-मे महिन्यांत उरकावी, जून महिना पाणी पिकवण्यासाठी, म्हणजे जिवाणू वाढवण्यासाठी ठेवावा आणि जुलैअखेर ते ऑगस्टमध्ये बीज सोडावे. हा क्रम पाळला तर थंडीत वाढ मंदावण्यापूर्वी माशांना दोन-तीन चांगले महिने मिळतात आणि पुढच्या एप्रिलपर्यंत, म्हणजे कडक उन्हाळा सुरू होण्याच्या आधी, बरेचसे मासे काढता येतात. मे महिन्यात उत्साहाच्या भरात टाकी आणून लगेच मासे शोधायला निघणाऱ्यांना बहुधा रंगीत माशांच्या दुकानातले काहीतरी पदरात पाडून घ्यावे लागते.

२. कोणता मासा?

परदेशातील बहुतेक माहिती तिलापियाभोवती फिरते. मोझांबिक तिलापिया भारतात १९५२ साली आणला गेला आणि आज तो आपल्या अनेक जलाशयांत इतका माजला आहे की स्थानिक माशांना जागा उरत नाही. सुधारित तिलापियाच्या पालनासाठी परवानगी लागते. परसातल्या टाकीतून पावसाळ्यात पाणी वाहून नाल्याला मिळण्याची शक्यता लक्षात घेता, देशी मासा हीच शहाणपणाची निवड आहे.

देशी म्हटले की पहिली नावे रोहू, कटला आणि मृगळ यांची येतात. हे मासे भारतीय खरे, पण मूळचे प्रामुख्याने उत्तरेकडच्या नद्यांमधले. आपल्या तलावांत ते बीज सोडून रुजवलेले आहेत. त्यांचे बीज सहज मिळते, ते शांत असतात, मात्र त्यांना मोठे पाणी लागते आणि विरघळलेला प्राणवायू कमी झाला की ते काही तासांत दगावतात. कटला तर १,००० लिटरच्या टाकीत खुरटतोच. ज्यांच्याकडे इन्व्हर्टर आहे त्यांनी रोहूची थोडी बोटुकली, म्हणजे बोटभर लांबीची पिल्ले, ठेवायला हरकत नाही.

महसीरचा मोह अनेकांना होतो. खुद्री जातीच्या महसीरचे वर्णन ब्रिटिश निसर्गअभ्यासक साइक्स यांनी १८३९ साली पुण्याजवळच्या मुळा-मुठेतील माशांवरून केले आणि लोणावळ्याजवळच्या वळवण येथे टाटा पॉवरच्या केंद्रात त्याची पैदास अनेक वर्षे होत आली आहे. पण तो वाहत्या, थंड, प्राणवायूने भरलेल्या पाण्याचा मासा आहे. त्याला टाकीत कोंडू नये.

आपल्याकडच्या परिस्थितीला सर्वांत जवळचे मासे म्हणजे शिंगी आणि देशी मांगूर. दोघांच्याही शरीरात कल्ल्यांखेरीज हवेतून श्वास घेण्याची सोय आहे. उन्हाळ्यात आटत चाललेल्या डबक्यात ते जगतात ते याच बळावर. याचा सरळ अर्थ असा की रात्री वीज गेली आणि पंप चार तास बंद पडला, तरी सकाळी टाकीत मेलेले मासे तरंगताना दिसत नाहीत. माझे स्पष्ट मत असे आहे की ग्रामीण आणि निमशहरी महाराष्ट्रात मासा निवडताना त्याच्या चवीपेक्षा आपल्या विजेच्या फीडरचा भरवसा किती, हे आधी पाहावे. मरळसुद्धा हवेतून श्वास घेते आणि तिला भावही उत्तम मिळतो. परंतु ती मांसाहारी आहे, लहानमोठी पिल्ले एकत्र ठेवली की मोठी लहानांना गिळते आणि दर काही दिवसांनी आकारानुसार वेगळी करावी लागते. पहिल्या वर्षी मरळ नको.

येथे दोन सापळे सांभाळावे लागतात. पहिला सापळा थाई मांगूरचा. आफ्रिकेतील मूळ असलेला हा मासा झपाट्याने वाढतो, काही किलोंचा होतो, दिसेल ते खातो आणि नदीत सुटला तर तिथली जीवसृष्टी संपवतो. त्याच्या पालनावर भारतात २००० सालापासून बंदी आहे. त्याचे बीज ‘मांगूर’ एवढ्याच नावाने विकले जाते आणि बोटभर लांबीच्या पिल्लांत फरक ओळखणे नवख्याला जमत नाही. विक्रेता “तीन-चार महिन्यांत किलोभर होईल” असे सांगू लागला, तर तो देशी मांगूर नव्हे, हे समजावे. देशी मांगूर सात-आठ महिन्यांत शंभर-दीडशे ग्रॅमपर्यंत पोहोचला तरी चांगली वाढ मानतात. देशी मांगुराचे बीज महाग असण्यालाही कारण आहे: कृत्रिम प्रजननासाठी नराचे वीर्य पोट दाबून निघत नाही, त्यासाठी नर मारावा लागतो. तेव्हा फार स्वस्त मांगूर दिसला की सावध व्हावे. खात्री नसेल तर सरळ शिंगी घ्यावी. तिच्या बाबतीत अशी भेसळ होत नाही.

दुसरा सापळा चढणीच्या माशांचा. पहिल्या पावसात ओढ्यांतून भातखाचरांत चढणारे मासे पकडून टाकीत सोडण्याची कल्पना फुकटची आणि आकर्षक वाटते. पण ते मासे अंडी घालण्यासाठी निघालेले असतात, त्यांना उचलणे म्हणजे पुढच्या वर्षीची पिढी उचलणे. शिवाय त्यांच्यासोबत उवा, जळवा आणि रोगही घरी येतात.

३. लागणारे साहित्य आणि कागदपत्रे

• १,००० लिटरची टाकी. पाण्याची काळी टाकी चालते. लोखंडी पिंजऱ्यातली पांढरी आयबीसी टाकी स्वस्त पडते, पण आधी त्यात काय भरलेले होते हे लेबलवरून तपासल्याशिवाय भंगारवाल्याकडून उचलू नये. रंग, कीटकनाशक किंवा सॉल्व्हंट असेल तर कितीही धुतली तरी ती घेऊ नये.
• वाफ्यांसाठी ३० सेंमी खोलीचे चौकोनी टब, किंवा विटांची चौकट करून आत जाड प्लास्टिकचा कागद.
• १२ ते २० एमएम खडी, सुमारे ६०० लिटर.
• ताशी १,००० ते १,५०० लिटर क्षमतेचा पाण्यात बुडणारा पंप, एअर पंप आणि एअर स्टोन.
• पीव्हीसी पाइप, एल्बो, टँक निप्पल, टेफ्लॉन टेप.
• सामू (पीएच), अमोनिया, नायट्राइट आणि नायट्रेट मोजणारे थेंबांचे टेस्ट किट. खर्च वाचवायचा असेल तर अन्य कशातही वाचवा, यात नको.
• टाकीवर ताणण्यासाठी जाळी, लांब दांड्याची हातजाळी, जाड हातमोजे.

घरच्यापुरत्या उत्पादनासाठी कागदपत्रे फारशी लागत नाहीत. बीज खरेदीची पावती माशाच्या जातीच्या नावासह मागून घ्यावी आणि जपून ठेवावी. विहिरीचे वा बोअरचे पाणी असेल तर एकदा पाणी तपासणीचा अहवाल घ्यावा. भाड्याचे घर किंवा सोसायटी असेल तर लेखी संमती घ्यावी. विक्रीचा किंवा अनुदानाचा विचार असेल तर काही उभारण्याआधीच जिल्ह्याच्या सहायक आयुक्त, मत्स्यव्यवसाय यांच्या कार्यालयात जाऊन चौकशी करावी, कारण मंजुरीच्या आधी झालेला खर्च बहुतेक योजनांत धरला जात नाही.

४. जागा आणि वजन

१,००० लिटर पाणी म्हणजे एक टन, आणि ६०० लिटर खडी म्हणजे जवळपास आणखी एक टन. इंजिनिअरने लेखी दिल्याशिवाय हे गच्चीवर चढवू नये. जमिनीवरसुद्धा मुरूम ठोकून, पाणसळीने सपाटी पाहूनच टाकी बसवावी. वाफ्यांवर रोज पाच-सहा तास ऊन यावे, टाकीवर मात्र सावली हवी. उन्हात उघड्या टाकीत शेवाळ माजते आणि उन्हाळ्यात पाणी तापते. २५ अंश सेल्सिअसच्या पाण्यात लिटरमागे सुमारे ८ मिलिग्रॅम प्राणवायू मावतो, ३५ अंशांना तो ७ पर्यंत उतरतो. विदर्भ-मराठवाड्यात टाकी अर्धी जमिनीत पुरणे आणि वर शेडनेट लावणे हा उत्तम उपाय आहे.

५. जोडणी

पंप टाकीच्या तळाशी ठेवून पाणी वाफ्यांवर चढवावे आणि वाफ्यांतून ते उताराने परत टाकीत पडू द्यावे. प्रत्येक वाफ्यात बेल सायफन (उभ्या पाइपवर उपडी टोपी असलेला, पाणी आपोआप ओढून घेणारा निचरा) बसवल्यास पाणी ठरावीक पातळीपर्यंत चढते, मग झपाट्याने खाली ओढले जाते आणि खडीत हवा शिरते. सायफनचे तंत्र हाताला बसेपर्यंत बराच त्रास देते. ते जमले नाही तर टायमर लावून पंप तासातून पंधरा मिनिटे चालवणे हा साधा पर्याय आहे, मात्र तेव्हा एअर पंप अखंड चालू ठेवावा. पाण्याची वरची पातळी खडीच्या पृष्ठभागापेक्षा ४-५ सेंमी खालीच राहिली पाहिजे, नाहीतर शेवाळ आणि चिलटे येतात.

खडी निवडताना एक सोपी परीक्षा करावी. मूठभर खडी वाटीत घेऊन तिच्यावर व्हिनेगर ओतावे. बुडबुडे आले तर तिच्यात चुन्याचा अंश आहे आणि ती पाण्याचा सामू सतत वर नेत राहील. आपल्याकडचा काळा पाषाण सहसा या परीक्षेत उतरतो, तरी पांढरे खडे मिसळलेले असतील तर वेचून काढावेत. कोकणात जांभ्याचे तुकडे हाताशी असतात, पण ते झिजून गाळ करतात. कोणतीही खडी धुताना खालून निघणारे पाणी अगदी नितळ होईपर्यंत धुवावी. खाणीची कच राहिली तर पंप आणि सायफन दोन्ही तुंबतात.

कूलरचा पंप स्वस्त मिळतो, पण तो चोवीस तास चालण्यासाठी बनवलेला नसतो. ४० वॅटचा चांगला पंप दिवसरात्र चालला तर रोज साधारण एक युनिट वीज लागते. पंपाच्या लाइनवर अर्थिंग आणि ईएलसीबी (विजेची गळती होताच पुरवठा तोडणारा स्विच) असल्याखेरीज पाण्यात हात घालू नये. तांबे, पितळ आणि जीआयचे फिटिंग कुठेही वापरू नये. त्यांतून सुटणारे तांबे आणि जस्त माशांना विषारी ठरते.

६. पाणी पिकवणे

ही पायरी कंटाळवाणी आहे आणि तिलाच फाटा दिला जातो. नळाचे पाणी असेल तर ते एअर पंप लावून दोन दिवस उघडे ठेवावे, म्हणजे क्लोरीन उडून जाते. त्यानंतर जिवाणूंना खाद्य म्हणून अमोनिया द्यावा लागतो, आणि त्यासाठी उत्तम वस्तू म्हणजे नवसागर, तोच जो कल्हईवाले भांड्यावर फिरवतात. शुद्ध नवसागर ८ ग्रॅम या प्रमाणात १,००० लिटर पाण्यात विरघळवला तर अमोनियाची पातळी लिटरमागे सुमारे २ मिलिग्रॅम होते. बाजारातल्या नवसागराची शुद्धता कमी-जास्त असते, म्हणून थोडा टाकून, किटने मोजून मगच पुढचा टाकावा. शेण, कोंबडीखत किंवा गोमूत्र वापरण्याचा सल्ला सर्रास दिला जातो. परंतु याच पाण्यावर आपण कच्ची खाण्याची कोथिंबीर आणि पुदिना घेणार आहोत, हे ध्यानात ठेवून तो मनावर घेऊ नये.

पहिल्या आठवड्यात काहीच घडत नाही असे वाटते. नंतर अमोनिया उतरू लागतो आणि नायट्राइट चढते. किटमधली नळी जांभळी पडते आणि बरेच दिवस तशीच पडत राहते. हाच टप्पा धीराचा. अखेरीस नायट्राइट उतरते आणि नायट्रेट दिसू लागते. उबदार हवेत या साऱ्याला साधारण चार ते सहा आठवडे लागतात. चालू असलेल्या दुसऱ्या एखाद्या निरोगी मांडणीतली ओंजळभर खडी मिळाली तर काम लवकर होते. नवसागराची मात्रा दिल्यापासून चोवीस तासांत अमोनिया आणि नायट्राइट दोन्ही शून्यावर आले, म्हणजे पाणी पिकले असे समजावे. बाटलीतले जिवाणू विकणारे तीन दिवसांची हमी देतात. किटचा आकडा दिसेपर्यंत त्या हमीला काही अर्थ नाही.

सामू ६.८ ते ७.२ च्या दरम्यान ठेवण्याचा प्रयत्न करावा. याचे कारण महत्त्वाचे आहे: सामू ७ वरून ८ वर गेला की त्याच अमोनियातील विषारी भाग सुमारे दहापट होतो. दख्खनच्या पठारावरील बोअरचे पाणी पुष्कळदा जड असते आणि सुरुवातीला सामू ८ च्या आसपास दाखवते. अशा वेळी पावसाचे पाणी मिसळणे हा सर्वांत निर्धोक उपाय आहे. याउलट काही महिन्यांनी जिवाणूंच्याच कामामुळे सामू हळूहळू उतरतो, तो ६.५ च्या खाली जाऊ लागला तर चुन्याची निवळी थोडी-थोडी, दिवसाला ०.२ पेक्षा अधिक फरक न पडेल अशी, घालावी.

७. बीज आणणे आणि सोडणे

पहिल्या वर्षी १,००० लिटरमध्ये शिंगीची ६० ते ८० बोटुकली पुरे. प्रत्येक मासा शंभर ग्रॅमचा झाला तरी एकूण वजन ६ ते ८ किलो होते आणि ते या वाफ्यांना पेलते. शिंगी-मांगुराचे बरेचसे बीज बंगाल-आसामकडून येत असल्याने प्रवासाने ते थकलेले असते. प्राणवायू भरलेली पिशवी न उघडता टाकीत वीस मिनिटे तरंगत ठेवावी, मग टाकीचे पाणी थोडे-थोडे पिशवीत घालत अर्ध्या तासाने मासे हातजाळीने सोडावेत. पिशवीतले पाणी टाकीत ओतू नये. मिशा झिजलेली, अंगावर पांढरे कापसासारखे डाग असलेली किंवा उभी लटकणारी पिल्ले दिसली तर तो लॉट घेऊच नये.

टाकीवर जाळी पहिल्या दिवसापासून हवी, आणि ती नुसती ठेवलेली नव्हे तर काठाला घट्ट बांधलेली. खंड्या आणि ढोकरी येतात हे एक कारण. पावसाच्या रात्री शिंगी-मांगूर अस्वस्थ होऊन काठावरून बाहेर पडतात आणि ओल्या जमिनीवर सरपटत दूर जातात, हे दुसरे. पाण्याची पातळी मात्र काठापासून वीतभर खाली ठेवून पाणी आणि जाळी यांच्यात मोकळी हवा ठेवावी, कारण या माशांना वर येऊन श्वास घेता आला नाही तर ते पाण्यातच गुदमरतात.

शिंगीच्या बाजूच्या परांच्या काट्यांत विष असते. नांगी लागल्यासारखी वेदना होते आणि ती तासन्‌तास टिकते. काटा लागल्यास सोसवेल इतक्या गरम पाण्यात हात धरावा आणि डॉक्टरांना दाखवावे. लहान मुलांना टाकीत हात घालू देऊ नये.

८. खाद्य: सगळा हिशेब येथून

वाफ्यांना मिळणारे खत म्हणजे तुम्ही टाकलेले खाद्यच असल्यामुळे भाज्यांचे क्षेत्र माशांच्या संख्येवर ठरत नाही, ते रोजच्या खाद्याच्या वजनावर ठरते. पालेभाज्यांसाठी दर चौरस मीटरला रोज ४० ते ५० ग्रॅम खाद्य हे प्रमाण धरतात. म्हणजे २ चौरस मीटरला ८० ते १०० ग्रॅम. सुरुवातीला पिल्ले लहान असल्याने खाद्य कमी पडते आणि भाज्या फिकट दिसतात, म्हणून पहिले दोन महिने अर्धेच वाफे लावावेत.

पिल्लांना वजनाच्या सुमारे ५ टक्के आणि मोठ्या माशांना २ टक्क्यांच्या आसपास, ३० टक्क्यांहून अधिक प्रथिने असलेले गोळीखाद्य द्यावे. शिंगी रात्री चरणारा मासा आहे. मुख्य खाद्य दिवेलागणीला द्यावे. अर्ध्या तासात उरलेले खाद्य काढून टाकावे आणि दुसऱ्या दिवशी तेवढे कमी करावे. थंडीत पाणी गार पडले की माशांची भूक मंदावते, तेव्हा खाद्य निम्म्यावर आणावे. भाताचा कोंडा आणि पेंड तळ्यात ठीक असते. टाकीत ती पाणी नासवते.

९. भाज्या

अळू, पालक, पुदिना, मायाळू आणि तुळस यांपासून सुरुवात करावी. टोमॅटो, मिरची आणि वांगी पाचव्या-सहाव्या महिन्यानंतर. कोवळी पाने पिवळी आणि शिरा हिरव्या दिसल्या तर लोहाची कमतरता आहे. चिलेटेड लोह लिटरमागे २ मिलिग्रॅम या बेताने द्यावे. मूठभर गांडुळे खडीत सोडली तर ती गाळ खाऊन वाफे मोकळे ठेवतात. मावा आला तर पाण्याचा फवारा मारावा आणि पाने खुडावीत. निंबोळी अर्क आणि साबणाचे पाणी ‘सेंद्रिय’ असले तरी टाकीत उतरले की माशांना बाधते.

१०. रोजची देखरेख

येथे शिंगी-मांगुराचा एक तोटा सांगितलाच पाहिजे. रोहू पृष्ठभागावर तोंड काढून हवा गिळू लागला की पाण्यात काहीतरी बिघडले आहे हे लगेच कळते. शिंगी एरवीही वर येऊन हवा घेतच असते, त्यामुळे ही धोक्याची घंटा तुमच्याकडे नसते. पाणी खराब होत जाते आणि मासा वरकरणी ठीक दिसत राहतो. म्हणून पहिले तीन महिने आठवड्यातून दोनदा आणि पुढे आठवड्यातून एकदा अमोनिया व नायट्राइट मोजून वहीत लिहावे. यांपैकी कोणताही आकडा १ मिलिग्रॅमवर गेला तर खाद्य बंद करावे, एकतृतीयांश पाणी बदलावे आणि कुजणारे काही तळाशी अडकले आहे का ते पाहावे. मासा हवेतून श्वास घेतो म्हणून एअर पंप काढून टाकण्याचा विचारही करू नये. जिवाणूंना आणि मुळांना पाण्यातलाच प्राणवायू लागतो.

मासा आजारी दिसला तर तो वेगळ्या टबात काढून लिटरमागे ३ ते ५ ग्रॅम जाड्या मिठाच्या पाण्यात ठेवावा. मोरचूद, फॉर्मालिन यांसारखी औषधे मुख्य टाकीत कधीही टाकू नयेत. ती जिवाणू मारतात, आणि त्या पाण्यावरच्या भाज्या आपल्याला खायच्या असतात.

११. मासे काढणे

काढणीच्या आदल्या दिवशी खाद्य बंद ठेवावे. सगळे मासे एकदम न काढता मोठे आधी काढावेत, म्हणजे वाफ्यांना खत मिळत राहते. एप्रिल-मेमध्ये टाकी पूर्ण रिकामी करायची असेल तर पाणी आणि खडी तशीच ठेवून, पंप चालू ठेवून दर दोन-तीन दिवसांनी चिमूटभर नवसागर देत राहावे, म्हणजे जुलैत नवे बीज आणताना पुन्हा सहा आठवडे थांबावे लागत नाही. नको असलेले मासे नदी-नाल्यात सोडू नयेत, ते देशी असले तरीही. ते शेजारी द्यावेत किंवा कालवणात घालावेत.